डॉलर-रुपयाच्या वायद्यात छोट्या माणसाला काय उरतं?

आमच्या जिनिंगच्या ऑफिसात रोज सकाळी फळ्यावर दोन आकडे लिहिले जातात. एक न्यूयॉर्कच्या कापूस वायद्याचा (वायदा म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेचा सौदा), पाउंडाला इतके सेंट, दुसरा डॉलरचा. सरकी आणि रुईचे भाव त्याखाली. धरणगाव-अमळनेरकडून कपाशीची गाडी घेऊन येणारा शेतकरी त्या फळ्याकडे बघतही नाही, त्याला क्विंटलचा भाव हवा असतो. पण तो भाव बोलण्याआधी शेठजी ते दोन आकडे बघतात. मी इथे हिशेब सांभाळते, त्यामुळे डॉलर माझ्या नजरेसमोरून रोज जातो.

२०२२ साल आठवा. मे महिन्यात रुईच्या खंडीचा (रुई मोजायचं माप) भाव लाख रुपयांवर गेला होता. वर्षाच्या सुरुवातीला चौऱ्याहत्तर-साडेचौऱ्याहत्तरला असलेला डॉलर दिवाळीच्या सुमारास ब्याऐंशी-त्र्याऐंशीत होता. आकडा एवढा हलतोय म्हटल्यावर हात शिवशिवतातच. कापसाच्या वायद्यात उतरायची माझी ऐपत नव्हती, डॉलरच्या होती. साठ हजार रुपये बाजूला काढले, घरात सांगितलं की हे गेले तरी कुणी तोंड पाडायचं नाही, आणि खातं उघडलं.

तेव्हापासून बरेच जण विचारतात, यात आपल्यासारख्याला काही सुटतं का? सराफ बाजारात कामाला असलेले, सावद्याकडचे केळीवाले, कॉलेजातली पोरं. माझं उत्तर नाही असं आहे. पण 'सट्टा वाईट' एवढं ऐकून कुणाचं समाधान होत नाही, माझंही झालं नसतं. म्हणून आकड्यांनिशी सांगते.

खातं उघडणं सोपं. पॅन, आधार, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. शेअरचं खातं आधीपासून होतं, पण करन्सीचा विभाग वेगळा सुरू करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो. आपल्याकडे हा व्यवहार कायदेशीरपणे चालतो तो मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर. एनएसई या शेअर बाजारावर डॉलर-रुपयाचा वायदा २००८ च्या ऑगस्टअखेरीस सुरू झाला. २०१० मध्ये युरो, पाउंड आणि येन आले, त्याच वर्षी ऑप्शनही, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याचा नुसता हक्क. सौदा रोखीत मिटतो. मुदत संपली की त्या दिवशी जाहीर होणाऱ्या संदर्भ दराने फरक खात्यात जमा किंवा वजा होतो, प्रत्यक्ष डॉलर कुणाच्या हातात येत नाही.

एक लॉट म्हणजे हजार डॉलर. त्र्याऐंशीचा भाव धरला तर सौदा त्र्याऐंशी हजारांचा, आणि त्यासाठी मार्जिन, म्हणजे अनामत, लागायचं दोन-अडीच हजारांच्या घरात. इथेच बहुतेकांचे डोळे चमकतात. शेअरच्या निफ्टी निर्देशांकाच्या एका लॉटला तेव्हा लाखाच्या आसपास अडकवावे लागायचे आणि इथे अडीच हजारांत डॉलर! माझेही चमकले. भाव पाव पैशाने हलतो, म्हणजे एका टप्प्याला लॉटमागे अडीच रुपये. दहा पैसे आपल्या बाजूने गेले की शंभर रुपये.

आता खर्च बघा. माझा ब्रोकर एका ऑर्डरला वीस रुपये घ्यायचा. घेताना वीस, विकताना वीस, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एक्स्चेंजचे थोडे, स्टॅम्प ड्युटीचे चिल्लर. एकूण पन्नास रुपयांच्या आत-बाहेर. हजार डॉलरवर पन्नास रुपये म्हणजे पाच पैसे. डॉलर पाच पैसे माझ्या बाजूने सरकेपर्यंत मी तोट्यातच.

पाच पैसे ऐकायला काहीच वाटत नाही. पण २०२३ च्या सप्टेंबरच्या मध्यापासून वर्ष संपेपर्यंत रुपया साधारण त्र्याऐंशी ते त्र्याऐंशी चाळीस एवढ्यातच घुटमळत होता. सकाळी नऊला बाजार उघडायचा, संध्याकाळी पाचला बंद व्हायचा, आणि कित्येक दिवस अख्ख्या दिवसाची हालचाल पाच-सात पैशांची असायची. म्हणजे दिवसाचा तळ बरोबर ओळखला, माथाही बरोबर ओळखला, तरी खर्च जाऊन लॉटमागे हातात फार तर वीस रुपये. आमचा हमालांचा मुकादम चहा घ्यायला आला की मुद्दाम विचारायचा, "ताई, तुमना डॉलर आज वर गया का खाले?" मी म्हणायचे, जागेवर आहे. त्याला ते थट्टेचं वाटायचं.

रुपया असा जागेवर राहतो तो आपोआप नाही. रिझर्व्ह बँक बाजारात उतरते. डॉलर फार चढायला लागला की विकते, फार पडायला लागला की घेते. तिचं म्हणणं असं की आम्ही कुठलाही भाव धरून बसत नाही, फक्त वेडीवाकडी चढउतार होऊ देत नाही. देशाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आमच्या शेठजींना, तेल मागवणाऱ्यांना, परदेशी मुलांची फी भरणाऱ्यांना भाव शांत असलेला हवा. पण ट्रेडरचं पोट चढउतारावर चालतं. ज्या बाजारात शेकडो अब्ज डॉलर राखून असलेला खेळाडू चढउतार मारण्यासाठीच बसलाय, तिथे साठ हजार घेऊन चढउतार शोधायला जाणं म्हणजे उन्हाळ्यात गिरणेच्या कोरड्या पात्रात जाळं टाकणं.

मग माणूस काय करतो? लॉट वाढवतो. ऑर्डरचे वीस रुपये एका लॉटलाही तेवढेच आणि दहालाही तेवढेच. दहा लॉट घेतले तर खर्च डॉलरमागे पाच पैशांवरून पैशाच्या खाली येतो. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसतं. पण दहा लॉट म्हणजे सव्वाआठ लाखांचा सौदा, मार्जिनमध्ये वीस-पंचवीस हजार अडकलेले, आणि वीस पैसे उलटे गेले की दोन हजार साफ. खर्चाची रचनाच अशी आहे की छोटा राहिलास तर दलालीत जाशील, मोठा झालास तर एका झटक्यात जाशील. माझा मधला आकडा तीन-चार लॉटचा होता. तिथे दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या होतात.

झटका येतो तो बहुतेक वेळा बाजार बंद असताना. आपला बाजार नऊ ते पाच. अमेरिकेतल्या महागाईचा आकडा आपल्याकडच्या संध्याकाळी सहा किंवा सातला येतो, तिथे घड्याळं पुढेमागे करतात त्याप्रमाणे. फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदराचा निर्णय तर रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला. म्हणजे डॉलरला हलवणाऱ्या सगळ्यात मोठ्या बातम्या येतात तेव्हा आपण भाकरी खातो किंवा झोपलेले असतो. सकाळी नऊला बाजार थेट नव्या भावाला उघडतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली महागाई अपेक्षेपेक्षा कमी निघाली आणि दुसऱ्या दिवशी रुपया पन्नास पैशांहून जास्त वधारला. ज्यांनी वीस पैशांवर स्टॉपलॉस (एवढा तोटा झाला की सौदा आपोआप कापायची सूचना) लावला होता त्यांचा सौदा वीस पैशांवर नाही, उघडला त्या भावाला कापला गेला. मी तेव्हा खातं उघडून नुसती बघत होते. ते बघितल्यामुळे पुढे अशा आकड्यांच्या आदल्या संध्याकाळी मी सौदा ठेवला नाही. झोप मिळाली, पण हालचालीचे जे मोजके दिवस असतात तेही त्यामुळे हातातून गेले.

एक जण म्हणेल, रोज कशाला घ्यायचं-विकायचं? डॉलर काय, वर्षानुवर्षं चढतोच आहे, घेऊन ठेवा. हे मलाही पटलं होतं आणि मी काही महिने एक लॉट असा धरून पाहिला. यात जी गोष्ट लपलेली आहे ती समजायला स्वतः एक महिना पुढे ढकलून बघावा लागतो. चालू महिन्याचा वायदा आणि पुढच्या महिन्याचा वायदा यांचा भाव सारखा नसतो. भारतात व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त, म्हणून पुढच्या महिन्याचा डॉलर महाग. त्या काळात हा फरक महिन्याला साधारण दहा ते पंधरा पैसे होता. मुदत संपताना जुना सौदा कापायचा आणि दहा-पंधरा पैसे जास्त देऊन नवा घ्यायचा. वर्षभरात ही रक्कम दीड रुपयाच्या आसपास जाते. आणि २०२३ मध्ये डॉलर चढला किती? २०२२ संपताना पावणेत्र्याऐंशीच्या आसपास होता, २०२३ संपताना त्र्याऐंशी वीस. पन्नास पैशांपेक्षा कमी. म्हणजे 'डॉलर चढणार' हे भाकीत अगदी खरं ठरूनही वर्षभर डॉलर धरून बसलेला माणूस डॉलरमागे रुपयाभर तोट्यात. हे कुठल्याही क्लासवाल्याने मला सांगितलं नव्हतं. महिनाअखेरीला वहीत आकडे मांडताना कळलं.

मग उलटं करा, विका! प्रीमियम, म्हणजे तो पुढच्या महिन्याचा जास्तीचा भाव, आपल्याला मिळेल. आमच्या एका ग्रुपवर हे तत्त्वज्ञान फार लोकप्रिय होतं, विशेषतः दर शुक्रवारी संपणाऱ्या ऑप्शनमध्ये. सोमवारी लांबचा कॉल, म्हणजे चालू भावापेक्षा बऱ्याच वरच्या भावाला डॉलर घ्यायचा हक्क, दुसऱ्याला विकायचा, शुक्रवारी तो शून्य होतो, दोन-चारशे रुपये खिशात. रुपया जागेवर असेपर्यंत हे छान चालतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या दिवशी रुपया एका दिवसात जवळपास रुपयाभर घसरला होता. महिनोन्महिने गोळा केलेले दोनशे-दोनशे अशा एका दिवसात निघून जातात. मी ऑप्शन विकले नाहीत. हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला उधारीची एक बाजू कळते: मिळणार ते ठरलेलं आणि जाणार ते अमर्याद, असा कागद आम्ही सहसा सही करत नाही.

२०२३-२४ या आर्थिक वर्षाचा माझा हिशेब असा. सौद्यांतला ढोबळ नफा सात हजार चारशे. दलाली, जीएसटी आणि बाकीचे आकार सहा हजार शंभर. उरले तेराशे. आधी माझं रिटर्न साध्या पगारदाराचं होतं, एका पानाचं; वायद्याचं उत्पन्न धंद्याचं धरतात म्हणून आयटीआर ३ हा धंदेवाल्यांचा लांबलचक फॉर्म भरावा लागला. सीएंनी नेहमीपेक्षा साडेतीन हजार जास्त घेतले, आणि ते बरोबरच होतं, कारण त्यांच्या पोराला माझे सगळे सौदे उतरवून घ्यावे लागले. साठ हजार बँकेत मुदत ठेवीत असते तर त्या वर्षी चार हजारांच्या वर व्याज आलं असतं. यात मी दुपारचं जेवण एका हाताने आणि मोबाईल दुसऱ्या हातात असं जे घालवलं त्याची मजुरी धरलेली नाही.

आणि तरी माझा निकाल वाईट नव्हता! शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शनचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्ती त्यात उतरल्या आणि त्यातल्या ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, एकूण तोटा १.८ लाख कोटींवर. तो आकडा शेअरच्या वायद्यांचा आहे, चलनाचा नाही, हे खरं. चलनाचा बघायचा तर युरोपातला बघा: तिथल्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये चलन वगैरेंवरच्या सीएफडी नावाच्या (वस्तू न घेता नुसत्या भावाच्या फरकावरच्या सौद्यांच्या) प्रकारात ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात असल्याचं सांगून मुख्य चलनजोड्यांवर उसनवारी भरलेल्या पैशांच्या तीसपटीवर आणली. ज्या देशांत हा बाजार चोवीस तास मोकळा आहे तिथली ही कथा. म्हणजे 'आपल्याकडे नियम फार म्हणून कमाई नाही' हेही तेवढंसं खरं नाही.

हे सांगायचं कारण आमच्या गल्लीतला एक पोरगा. इंजिनिअरिंग झालेला, नोकरी शोधत होता. माझ्या पाव पैसा-पाच पैशांना तो हसायचा. त्याच्या मोबाईलवर परदेशी अॅप होतं: युरो-डॉलर, सोनं, पाचशेपट उसनवारी, शनिवार-रविवार सोडून रात्रंदिवस चालू. मी एकदा त्याच्या शेजारी बसून बघितलं. पैसे भरायचं बटण दाबलं की यूपीआयचा क्यूआर यायचा, आणि पैसे जायचे कुण्या माणसाच्या नावावर. एकदा किराणा दुकानाचं नाव, पुढच्या वेळी कुठल्या तरी बाईचं. कंपनीचं नाव कधीच नाही. मी विचारलं, अरे, दलालाच्या खात्यात पैसे का जात नाहीत? तो म्हणाला, काकू, सिस्टीम तशीच असते.

परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे आपल्याला परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत संस्थेशीच आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करता येतो. बाहेरच्या अॅपवर चलनाच्या सौद्यांसाठी मार्जिन पाठवायला परवानगी नाही, अगदी परदेशात पैसे पाठवायच्या एलआरएस सवलतीखालीही नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ३४ अॅप-संकेतस्थळांची सावधान यादी काढली आणि नंतर ती वाढवत नेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही, हेही तिने स्पष्ट लिहिलं आहे. मी त्या पोराला यादी दाखवली. त्याचं अॅप त्यात नव्हतं, म्हणून तो निर्धास्त झाला.

त्याला सुरुवातीला थोडे पैसे परतही मिळाले. तेच नडलं. ते ज्या खात्यातून आले ते खातं दुसऱ्याच कुठल्या फसवणुकीतलं होतं. परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलं आणि बँकेने त्याचं खातं गोठवलं, त्यात वडिलांनी टाकलेले पैसेही. अॅपवर तोवर बरीच मोठी शिल्लक दिसत होती. काढायला गेला तर आधी वीस टक्के 'टॅक्स' भरा म्हणे. कर आपण सरकारला भरतो, पैसे काढायच्या आधी अॅपवाला तो मागत नाही, एवढं मी त्याला सांगितलं आणि तो थांबला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. गोठलेलं खातं मोकळं व्हायला परराज्यातल्या ठाण्याशी पत्रव्यवहार, बँकेत हेलपाटे, सगळं झालं. अॅपवरची शिल्लक अर्थातच कधी आली नाही.

माझ्या खात्याचा शेवट साधा झाला. ५ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, आणि एप्रिलच्या सुरुवातीला ब्रोकरचा मेल: तुमच्याकडे खरोखरच्या परकीय चलनाच्या देण्या-घेण्याची जोखीम असेल तर तसं लिहून द्या, नसेल तर सौदे मोकळे करा. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं, नियम आधीपासून असाच आहे. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवायची गरज नाही, पण जोखीम असायलाच हवी. अंमलबजावणी ५ एप्रिलवरून ३ मे वर ढकलली गेली. पण तोवर घबराट झाली होती. ऑप्शन विकून बसलेल्यांना तेच परत विकत घ्यायचे होते आणि समोर विकणारा कुणी नव्हता; जे ऑप्शन पैशांत विकले होते ते कितीतरी पटीने महाग झाले. ग्रुपवरचं शुक्रवारचं तत्त्वज्ञान त्या आठवड्यात संपलं. माझा एकच लॉट होता, मी तो कापला. खोटं लिहून द्यायला मी तयार नव्हते. पगारदार बाईकडे कुठली आलीय डॉलरची जोखीम? त्यानंतर एक्स्चेंजवरची उलाढाल इतकी आटली की आता कुणाला तिथे जायचं असलं तरी समोर सौदा करायला माणूस मिळणं अवघड.

जोखीम आमच्या शेठजींकडे होती. त्यांनी बांगलादेशला थेट गठाणी पाठवल्या तेव्हा पैसे एलसीवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीवर, डॉलरमध्ये येणार होते, दोन-अडीच महिन्यांनी. बँकेत जाऊन त्यांनी ते डॉलर पुढच्या तारखेला आधीच विकून ठेवले. कागद मीच केले: निर्यातीचा करार, एलसीची प्रत, बँकेतली मर्यादा. तेव्हा लक्षात आलं, लॉट पुढे ढकलताना मी जो दर महिन्याचा प्रीमियम भरत होते तोच इथे शेठजींना मिळत होता. ते डॉलर विकणारे, मी घेणारी. त्यांना भाकीत करायची गरज नव्हती. डॉलर कुठेही जावो, गठाणीचा नफा त्या दिवशी पक्का झाला. हा बाजार कुणासाठी उघडलाय ते मला त्या एका फॉर्मवरून जेवढं कळलं तेवढं वर्षभराच्या चार्टवरून कळलं नव्हतं.

आता कुणी डॉलरबद्दल विचारलं तर मी आधी विचारते, तुमचे डॉलर येणार आहेत की जाणार आहेत? भुसावळच्या माझ्या मावसबहिणीचे जाणार होते, मुलीची परदेशातली फी, बारा हजार डॉलर. बँकेने कार्ड रेट, म्हणजे रोजचा छापील दर, सांगितला तो त्या वेळच्या बाजारभावापेक्षा रुपयाहून जास्त महाग होता. बहुतेक लोक तो निमूट देतात. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, मोबाईलवर चालू भाव उघडून शाखेत बसायचं आणि दर कमी करून मागायचा, परकीय चलनाच्या विभागाला फोन करायला लावायचा. दोन, क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल नावाचा मंच २०१९ पासून आहे, त्यावर आपल्या बँकेमार्फत नोंदणी केली तर साधा ग्राहकही बाजाराच्या जवळपासच्या भावात डॉलर घेऊ शकतो, बँक वर आपला ठरलेला आकार घेते. शाखेतल्या साहेबांना तो मंच ऐकूनच माहीत होता, नोंदणीला वेळ लागणार होता आणि फीची तारीख जवळ होती, म्हणून तिने पहिलाच मार्ग धरला. साठ पैसे उतरवून घेतले. बारा हजार डॉलरवर सात हजार दोनशे रुपये, अर्ध्या तासात, आयटीआर ३ न भरता.